घड्याळं जुळवायला जमलेली माणसं

(इंदुरातल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि बाहेरचे पोहे-जिलबी संपल्याची खात्री करून मगच आत आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘ध्रुवीय हवामानबदलाच्या परिषदा आणि माळव्याचा पाऊस’. तो मीच दिलाय, त्यामुळे तक्रार माझ्याकडेच करा. शेजारच्या काकूंनी परवाच केली. म्हणाल्या, ‘‘भाऊ, इंदुरात बसून ध्रुवाचं काय काढलंत? तिकडे आपलं कोण आहे?’’ मी म्हटलं, काकू, लोकमान्यांनी 1903 साली आपल्या पूर्वजांचं बिऱ्हाडच तिकडे होतं असं मांडलं होतं. म्हणजे आपण माहेरचीच चौकशी करतोय. त्या सिद्धांताला आज कुणी संशोधक धरून नाही, हे मला ठाऊक आहे, तेव्हा पहिल्या रांगेतल्या गुरुजींनी लगेच हात वर करू नये. पण ध्रुवाबद्दल गंभीरपणे विचार करणं मराठी माणसाला अगदीच नवं नाही, एवढंच म्हणायचंय.

माझं सांगणं थोडक्यात आहे. अनेक वर्षं भेटेल त्याला तेच ऐकवतो, म्हणून घरचे मला आनंदाने अशा कार्यक्रमांना पाठवतात. ध्रुवांचं विज्ञान झेंडे रोवणाऱ्यांनी उभं केलेलं नाही. ते घड्याळं जुळवणाऱ्यांनी उभं केलंय. कोण कुठे बसून, किती वाजता, कशाने आणि काय मोजणार, हे आधी ठरवावं लागतं. ते ठरवायला माणसं एका खोलीत जमतात, ती परिषद. बाकी सगळा मांडव.

मांडवाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगतो. शहराचं नाव सांगत नाही, तिथले जावई या सभागृहात बसलेत. मी भूगोल शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. ध्रुवीय हवामानबदलावर राष्ट्रीय कार्यशाळा होती आणि मला एका सत्राचं अध्यक्षपद होतं. व्यासपीठाच्या मागे भिंतभर बॅनर. त्यावर डाव्या बाजूला पांढरं अस्वल, उजव्या बाजूला पेंग्विन, दोघं एकमेकांकडे मोठ्या प्रेमाने बघतायत. अस्वल उत्तरेचं, पेंग्विन दक्षिणेचा. मध्ये अख्खी पृथ्वी आहे म्हणून तर पेंग्विन सुखी आहे! मी संयोजकांच्या कानाशी लागलो. ते म्हणाले, ‘‘सर, बजेट एकाच बॅनरचं होतं.’’

प्रमुख पाहुणे उशिरा आले. समई लावली की एसीच्या झोतात विझायची. मग एसी बंद, मग समई, मग पुन्हा एसी, की पुन्हा समई. मग स्वागतगीत. मग शाली. ज्यांना शाली मिळाल्या त्यांनी ज्यांना मिळाल्या नव्हत्या त्यांना दिल्या. पाहुण्यांनी बॅनरकडे हात करून सांगितलं की हे दोन प्राणी जर गुण्यागोविंदाने राहू शकतात तर आपण का नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. अध्यक्षाला हात बांधून बसता येत नाही.

या सगळ्यात दुपार झाली आणि शोधनिबंधांना पंधरा मिनिटांऐवजी पाच-पाच मिनिटं आली. पोस्टरवाल्या मुलांचं तर विचारूच नका. त्यांची पोस्टरं जेवणाच्या मांडवात, हात धुवायच्या बेसिनजवळ लावली होती. तिथे एक मुलगी उभी होती. ती उन्हाळाभर ‘हिमाद्री’वर राहून आलेली. हिमाद्री म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरचं आपल्या देशाचं संशोधन केंद्र, 2008 साली सुरू झालेलं. गावाचं नाव न्यू-ओलेसुन्द, अक्षांश 79 उत्तर. मी ओले हात घेऊन तिच्यासमोर थांबलो. दिवसभरात तिच्यासमोर थांबलेला पहिला माणूस मी असावा, कारण ती एकदम बोलायलाच लागली.

तिने सांगितलं की त्या गावात वाय-फाय नाही, ब्लूटूथ नाही, मोबाइल बंद करून ठेवायचा. तिथली रेडिओ दुर्बीण अवकाशातले इतके क्षीण संदेश टिपते की आपल्या खिशातला फोन तिला बोंब मारल्यासारखा वाटतो. दारांना कुलपं लावायची नाहीत. का? अस्वल मागे लागलं तर जे पहिलं दार दिसेल त्यात शिरता यायला हवं. (आमच्या सोसायटीत हा नियम आणायचा मी प्रयत्न केला. अस्वल आणून दाखवा, म्हणाले.) ती रोज ठरलेल्या वेळी फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीच्या, पाण्याचं तापमान आणि खारेपण मोजायची. ती हे सांगत असताना पलीकडून दुसऱ्या राज्यातला एक मुलगा आला, हातात भाताचं ताट. त्याने त्याच पाण्यावर आधीच्या मोसमात काम केलं होतं. पोस्टरवरचा आलेख बघून त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘‘सेन्सर किती खोलीवर ठेवला होतास?’’ दोघांच्या खोल्या वेगळ्या निघाल्या! म्हणजे दोघांचे आकडे शेजारी मांडायची सोय नाही. भात गार झाला, पण पुढच्या मोसमात कोणत्या खोल्यांवर आणि कोणत्या वेळी मोजायचं, हे त्यांनी बेसिनशी उभ्या-उभ्याच ठरवलं आणि वहीत लिहून घेतलं. त्या कार्यशाळेचा वृत्तांत पुढे जाड कागदावर छापून आला. त्यात समई होती, शाली होत्या, पाहुणे तर होतेच. बेसिन नव्हतं. माझा राग आहे तो यावर.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, आपल्याकडेच असं. तसं नाही. कार्ल वायप्रेख्तचंच बघा. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आरमारातला हा अधिकारी 1872 साली ‘टेगेटहोफ’ नावाच्या जहाजावरून उत्तरेला गेला आणि जहाज बर्फात अडकलं. दोन हिवाळे बर्फ नेईल तिकडे जहाज जात राहिलं. त्या वाहण्यातच एक अज्ञात द्वीपसमूह दिसला, त्याला सम्राटाचं नाव दिलं, फ्रान्झ जोसेफ लँड. शेवटी 1874 च्या मे महिन्यात जहाज सोडलं आणि होड्या बर्फावरून ओढत दक्षिणेकडे निघाले. दोन महिने ओढत होते. आणि बघतात तर जहाज काही मैलांवरच! हे दक्षिणेला ओढतायत आणि पायाखालचा बर्फ उत्तरेला वाहतोय.

घरी परतल्यावर मोठं स्वागत झालं. दुसरा कुणी असता तर त्या बेटांवर जन्मभर व्याख्यानं दिली असती. मी तर दिलीच असती. या गृहस्थाने 1875 साली ग्राट्समध्ये शास्त्रज्ञांच्या मेळाव्यात उभं राहून नेमकं उलट सांगितलं. नवी बेटं शोधून आणि देशाची शान वाढवून विज्ञानाच्या हाती फारसं काही लागत नाही. एकट्या मोहिमेच्या नोंदींना अर्थ येतो तो त्याच वेळी, त्याच पद्धतीने इतरांनीही दुसरीकडे मोजलं तर. हे पटवायला हॅम्बर्ग, बर्न, सेंट पीटर्सबर्ग अशा तीन परिषदा झाल्या, 1879 ते 1881. मार्च 1881 मध्ये वायप्रेख्त क्षयाने गेला. त्याने मांडलेलं ध्रुवीय वर्ष, म्हणजे सगळ्या देशांनी ध्रुवांकडे एकाच वेळी, एकाच पद्धतीने मोजायचं वर्ष, त्यानंतर, 1882-83 मध्ये साजरं झालं. साजरं कसलं, राबलं! 12 देश, उत्तरेला 12 ठाणी, दक्षिणेला 2. दर तासाला हवामानाच्या नोंदी. आणि दर महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला चुंबकसुईचं वाचन दर पाच मिनिटांनी, अख्खे 24 तास, सगळ्यांचं घड्याळ जर्मनीतल्या ग्योटिंगेन गावाचं. तुमच्याकडे काळोखी रात्र असो, वादळ असो, कंदिलाच्या उजेडात भिंगातून सुईचा काटा बघायचा, आकडा लिहायचा, पाच मिनिटांनी पुन्हा.

याची किंमतही मोजली. अमेरिकेचं एक पथक, ग्रीलीचं, 25 जण गेले, 6 घरी पोचले. बाकीचे बहुतेक उपासमारीने गेले. डच मंडळींचं ‘वार्ना’ जहाज तर ठरल्या जागी पोचलंच नाही, वाटेत कारा समुद्रात बर्फाने धरलं आणि पुढच्या जुलैत बुडवलं. तरी त्यांनी अडकल्या जागी हवामानाच्या नोंदी चालू ठेवल्या. कारा समुद्र हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. शेवट गाठला तर.

दुसरं ध्रुवीय वर्ष पन्नास वर्षांनी, 1932-33 मध्ये. तिसरंही पन्नास वर्षांनी व्हायचं, पण एप्रिल 1950 मध्ये अमेरिकेत जेम्स व्हॅन अॅलन यांच्या घरी काही शास्त्रज्ञ जेवायला जमले होते. जेवणानंतर चॉकलेट केक. त्या गप्पांत लॉइड बर्कनर म्हणाले, पंचवीस वर्षांनीच का करू नये? त्यातून 1957-58 चं आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष निघालं. समई नव्हती, केक होता. वहिनी, आपल्याकडे श्रीखंडावर...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटं’. अध्यक्ष महाराज, अजून पावसाचा थेंबही पडलेला नाही. असो, पळतो.

तर त्या 1957-58 च्या वर्षाने काय दिलं ते पटकन ऐका. दक्षिण ध्रुवाकडे हॅली इथे ब्रिटिशांनी ओझोन मोजायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं कंटाळवाणे आकडे आले. 1985 साली फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी त्याच आकड्यांतून ओझोनचं छिद्र दाखवलं, आणि 1987 मध्ये ओझोन खाणाऱ्या रसायनांना आळा घालणारा मॉन्ट्रियलचा करार झाला. 1958 पासून हवाईच्या मौना लोआवर कार्बन डायऑक्साइड मोजतायत. तेव्हा दहा लाखांत सुमारे 315 भाग होता, आता 420 च्या वर. त्याच वर्षात अंटार्क्टिकावर एकत्र काम केलेल्या 12 देशांनी 1959 साली अंटार्क्टिक करार केला. भारत त्यात 1983 साली आला, आणि 2024 च्या मे महिन्यात त्या कराराची 46 वी बैठक कोचीत झाली. तिथे सगळं एकमताने चालतं. एक देश नाही म्हणाला की विषय पुढच्या वर्षावर. 2022 मध्ये बर्लिनला एम्परर पेंग्विनला विशेष संरक्षण द्यायचा प्रस्ताव असाच अडला. आपल्या सहकारी सोसायटीत बसलेल्यांना वेगळं समजवायला नको.

चौथं ध्रुवीय वर्ष 2007-08. आपली पहिली आर्क्टिक मोहीम तेव्हाचीच, हिमाद्रीही त्याच ओघातलं. 2014 मध्ये तिथल्या फियॉर्डच्या पाण्यात आपण ‘इंडआर्क’ नावाची यंत्रांची माळ सोडली, ती वरचा माणूस झोपला तरी मोजते.

आता कारा समुद्र. 1979 पासूनचा हिशेब धरला तर आर्क्टिक सगळ्या पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलंय. सप्टेंबरात तिथला समुद्रबर्फ वर्षातला सर्वांत कमी असतो. 2012 च्या सप्टेंबरात तो साधारण 34 लाख चौरस किलोमीटरवर आला, उपग्रहांच्या नोंदीतला नीचांक. ज्या कारा समुद्राने वार्ना गिळलं त्याच्यावरचा उन्हाळी बर्फही आटतोय. 2021 साली गोव्याच्या ध्रुवीय केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी नॉर्वेतल्या सहकाऱ्यांबरोबर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं: काराचा उन्हाळी बर्फ कमी झाला की वरच्या हवेत युरोपावरून आशियाकडे लाटा उठतात, त्या आपल्याकडच्या वरच्या हवेचं वळण बदलतात, खालून तापलेला अरबी समुद्र बाष्प पुरवतो, आणि मोसमाच्या शेवटी, सप्टेंबरात, मध्य भारतात अतिवृष्टी व्हायला अनुकूल स्थिती तयार होते. त्यांनी हा संबंध शक्यता म्हणून मांडलाय, तुम्हीही तसाच ऐका. उद्या सकाळी कट्ट्यावर ‘भिया, काराने बुडवलं’ असं सांगू नका. पण 2023 चा सप्टेंबर आठवा. गणपतीच्या तोंडावर इंदूर कसं तुंबलं होतं! मूर्ती घरी आणायच्या की माणसं बाहेर काढायची, असा प्रश्न होता.

हा संबंध तपासायचा तर एका टोकाला काराचा बर्फ मोजायला हवा, दुसऱ्या टोकाला आपला पाऊस. बर्फ मोजायला उपग्रह आहेत. पाऊस? विजयनगरात कोसळतो तेव्हा राऊला ऊन असतं, आणि विमानतळावरचा आकडा वेगळंच सांगतो. अतिवृष्टी तर दोन-चार मोहल्ल्यांवर पडून मोकळी होते. पाचवं ध्रुवीय वर्ष 2032-33 मध्ये व्हायचंय, जगभर त्याच्या तयारीच्या बैठका चालल्यात. त्या बैठकांना आपल्यातलं कुणी जाणार नाही. पण त्या बैठका जे ठरवतात ते इथे बसून करता येतं.

पुन्हा चिठ्ठी. दोनच वाक्यं, अध्यक्ष महाराज, मग आभार तुमचेच.

ज्यांच्या गच्चीवर झाड किंवा पाण्याची टाकी आडवी येणार नाही अशी मोकळी जागा आहे, त्यांनी पर्जन्यमापक बसवायचा. मापक सगळ्यांचा एकाच बनावटीचा, तो आपण एकत्रच मागवू. वाचन सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याची वेळ तीच आहे, जागतिक घड्याळात तेव्हा 3 वाजलेले असतात. कचऱ्याची गाडी आली म्हणून नऊला वाचलं, असं चालणार नाही. पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य लिहायचं, रकाना कोरा सोडायचा नाही. गावाला जाणार असाल तर शेजाऱ्याला आधी वाचायला शिकवून जा. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे, त्यात नाव आणि कॉलनी लिहा. फोन नंबर लिहू नका, मी उचलत नाही.