पातेल्यातला बेदाणा आणि नवा करार

(पातेलं क्लोजमध्ये, वाफ. पाच सेकंद नुसता उकळीचा आवाज.)

तासगावजवळचं एक गाव, शनिवारची दुपार. ह्या पातेल्यात काळा बेदाणा आहे, रात्रभर भिजत घातलेला, म्हणून असा टम्म फुगलाय. ह्या भागात बेदाण्याला काय तोटा, मागे शेडमधल्या जाळ्या दिसतायत ना, त्यांच्यावर द्राक्षं पसरायची आणि वारा लागू द्यायचा, ऊन थेट नाही, दोन-अडीच आठवड्यात माल तयार. पण हा एक किलो बाजारात जाणार नाही. हा उद्याच्या प्रभुभोजनासाठी आहे, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षाचा रस घेतात त्यासाठी.

महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मावशी हा रस करतात. पाणी बेताचं, आच मंद, आणि बेदाणा फुटायला लागला की पळीनं चेपत राहायचं, घाई केली तर रस पांचट होतो म्हणतात. आम्ही विचारलं, मावशी, साखर कधी घालायची?

"साखर कशाला रं? ह्यातच लई गोडी हाय."

(पांढरं फडकं. रस गळतोय. इथे निवेदन थांबवा.)

पांढऱ्या कापडावर हा रंग उतरताना बघितला की बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा 24 वा अध्याय आठवतो. देव आणि इस्राएल लोक ह्यांच्यात करार होत होता, सीनाय डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा पुढारी मोशे ह्याने बैलांचं रक्त घेतलं, अर्धं वेदीवर टाकलं, अर्धं भांड्यात ठेवलं, मग कराराचं पुस्तक सगळ्यांना वाचून दाखवलं आणि लोक एका आवाजात म्हणाले, देवाने सांगितलं ते सगळं आम्ही करू. तेव्हा उरलेलं रक्त लोकांवर शिंपडलं. हिब्रू भाषेत करार 'कापतात', शब्दच तसा आहे. आणि मोशे डोंगरावर गेला, चाळीस दिवस राहिला, तेवढ्यात खाली लोकांनी पूजेला सोन्याचं वासरू उभं केलं होतं.

म्हणजे पहिला करार दगडी पाट्यांवर होता आणि माणसांकडून तो पाळला गेला नाही. पुढे कित्येक शतकांनी, यहूदाचं राज्य बुडायच्या बेताला आलेलं असताना, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 31 व्या अध्यायात देव म्हणतो मी नवा करार करीन, मिसरातून हात धरून आणताना केला होता तसला नाही, ह्या वेळी माझं नियमशास्त्र त्यांच्या मनात ठेवीन, हृदयावर लिहीन, आणि त्यांचं पाप पुन्हा आठवणार नाही. ह्या ओळींमध्ये 'मी करीन', 'मी ठेवीन', 'मी लिहीन' असंच येत राहतं. सगळं देवाकडून. 'आम्ही करू' म्हणणारं कोणी नाही इथे.

(जुनं बायबल, पानं उलटणारा हात.)

येशूपासून पुढचा बायबलचा भाग, त्याचं नावच 'नवा करार', तो मराठीत 1811 साली छापला गेला, श्रीरामपूरला, आपल्या नगरचं नाही, बंगालमधलं. 'करार' म्हटलं की आपल्याला स्टँपपेपर आठवतो, दोन पार्ट्या, दोन सह्या. पण मूळ ग्रीक शब्द दियाथेके, त्याचा अर्थ करार पण होतो आणि मृत्युपत्र पण होतो. त्यातल्याच इब्री लोकांस पत्राच्या 9 व्या अध्यायात लेखक हे दोन्ही अर्थ वापरतो आणि सांगतो की मृत्युपत्र करणारा मेल्याशिवाय ते लागू होत नाही. आता सातबारा आणि वारसनोंद बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला लागत नाही. वारसाने काय केलेलं असतं? काहीच नाही, तो त्या घरातला असतो एवढंच. म्हणून वल्हांडण ह्या यहुदी सणाच्या रात्री प्रभु येशूने प्याला घेतला आणि हा माझ्या रक्तातला नवा करार आहे म्हणाला, तेव्हा तो शिष्यांकडून सही मागत नव्हता. दुसऱ्या दिवशी तो स्वतः क्रुसावर मेला आणि कागद लागू झाला.

ह्याने माणसं बदलतात, दारू सुटते, भावाभावातलं बोलणं सुरू होतं, ते मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बसलेल्यांच्या तोंडूनच ऐका.

(ट्रे, छोटे ग्लास. मावशींचे हात.)

पण ट्रे समोर आला की मान खाली घालून नको म्हणणारे दर महिन्याला असतात. ह्या महिन्यात माझं वागणं बरं नव्हतं, मी लायक नाही, असं म्हणून ट्रे पुढे ढकलतात. करिंथकरांस पहिल्या पत्रात प्रेषित पौल काय लिहितो ते नीट वाचा, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, त्या प्याल्यातून प्यावं. परीक्षा करून उठून जा असं तिथे लिहिलेलं नाही. गुपचूप नको म्हणणाऱ्या त्या लोकांसाठीच हे सगळं शूट केलंय.

रस गार झालाय. मावशी एकेक ग्लास भरतायत, न सांडता, अर्ध्याच्या जरा वर. मंडळी पन्नासच्या आसपास असते, ग्लास साठ भरले.

"ऐन वेळी कुणाच्या मनात आलं तर? कमी पडाय नको."