टेकडी ओळखणाऱ्या मेंढ्या

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये उन्हाळ्यात एखाद्या शेतावर राहायला गेलात, तर एक गोष्ट आधी शिकून घ्या. उताणी पडलेली मेंढी कशी उठवायची.

कातरणीच्या तोंडावर अंगावर लोकरीचा भार असतो. मेंढी पाठ खाजवायला लोळते आणि तशीच अडकते, चारही पाय वर. लांबून वाटतं, मजेत पडलीय. पण तिच्या पोटात वायू साठत असतो, फुप्फुसं दबत असतात आणि काही तासांत तिचा जीव जाऊ शकतो. शांतपणे जवळ जा, लोकर दोन्ही मुठींत घट्ट धरा, तिला कुशीवर वळवा, उभी करा. मात्र लगेच सोडू नका. पाय लटपटतात, जरा आधार दिला नाही तर ती पुन्हा पडते. कुत्रा सोबत असेल तर तो दोरीनेच बांधलेला हवा. आणि वाटेतलं फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं.

ही मेंढी बहुधा हर्डविक जातीची असेल. कोकरू जवळजवळ काळं जन्मतं आणि वयाबरोबर राखाडी होत जातं. त्या उघड्या डोंगरांवर कुंपण नसतं, तरी कळप आपल्या हद्दीतच चरतो. कुठे निवारा, कुठे पाणी, कुठवर जायचं, हे कोकरू आईच्या मागून चालताना शिकतं. तिकडे याला ‘हेफ्टिंग’ म्हणतात. 2001 साली लाळ्या-खुरकुताची साथ आली, कळपच्या कळप मारावे लागले. मेंढ्या विकत आणता येतात, पण ही ओळख विकत मिळत नाही. नव्या कळपाला ती नव्याने शिकवावी लागते, राखण करून, वर्षानुवर्षं. मला ते नुकसान सगळ्यात मोठं वाटतं.

स्कॉटलंडच्या उत्तरेला नॉर्थ रोनाल्डसे बेटावर तर दगडी भिंत मेंढ्यांना आत ठेवण्यासाठी नाही, बाहेर ठेवण्यासाठी आहे. 1832 साली ती बांधली, शेतं वाचवायला. मेंढ्या राहिल्या किनाऱ्यावर आणि समुद्रशेवाळावर जगू लागल्या. त्यात तांबं कमी, म्हणून त्यांचं शरीर थोडकं तांबंही शोषून घेतं. साध्या गवतावर फार काळ ठेवलं तर त्यातलं तांबंच त्यांना विषारी ठरू शकतं.

आता लोकरीकडे येते. हर्डविकची लोकर हाताला राठ लागते. तिच्यात ठिसूळ, जाड केस मिसळलेले असतात आणि त्यांना रंग नीट चढत नाही. मऊ मेरिनोची सवय असलेला माणूस नाक मुरडतो. गळ्याशी ती टोचेल, हे खरंच आहे. पण पावसावाऱ्यासाठी वाढलेली ही लोकर गालिच्याला किंवा जाड बाहेरच्या स्वेटरला घेऊन पाहा, झिजता झिजत नाही. शेटलंड मेंढीचं उलट: मऊ, बारीक, आणि जुन्या वळणाच्या मेंढ्यांची लोकर उन्हाळ्यात आपोआप सुटते, हाताने उपटून घेता येते.

निघताना सूत घेतलंत, तर कुठल्या जातीचं ते नक्की विचारा. घरी धुताना कोमट पाण्यात नुसतं बुडवून ठेवा. चोळू नका, गरम पाण्यातून एकदम गारात टाकू नका. धागे एकमेकांत गुंततात, त्याचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला लोकरीचा थर, होतो आणि मग तो सुटत नाही.