माउसच्या पलीकडचे एंगलबार्ट

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

२ जुलै २०१३ रोजी डग्लस एंगलबार्ट कॅलिफोर्नियात, वयाच्या ८८व्या वर्षी गेले. दुसऱ्या दिवशी जिकडेतिकडे मथळा जवळपास एकच होता: माउसचे जनक कालवश. तेव्हापासून ही गोष्ट माझ्या मनात सलते आहे. आज तुम्ही बोलावलंत, समोर बसलेले निम्मे लोक संगणकाच्याच धंद्यातले आहेत, तर एकदा मोकळेपणानं बोलून घेतो. पत्रिकेवर विषय छापलाय ‘एंगलबार्ट यांचा वारसा: यश की अपयश’. त्यावर येणारच आहे. पण आधी त्या माउसचा हिशेब चुकता करू.

१९६४ साल. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावातली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था. कल्पना एंगलबार्ट यांची, प्रत्यक्ष घडवला तो त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी. मुठीत मावेल असा लाकडी ठोकळा, पोटात एकमेकांशी काटकोनात बसवलेली धातूची दोन चाकं, वर बटण. एक चाक आडवी हालचाल मोजणार, दुसरं उभी. तिरका ओढला की दोन्ही चाकं थोडी फिरणार, थोडी घसरणार. संपला माउस! आणि हा एकटाच नव्हता बरं का. पडद्यावरची जागा दाखवायला प्रकाशलेखणी होती, जॉयस्टिक होती, टेबलाखाली गुडघ्यानं चालवायचं एक साधनही होतं. हसू नका, गुडघ्याचं साधन नवख्यांच्या हाती, म्हणजे पायी, चांगलं चाललं! पण सरावलेल्या माणसांच्या चाचणीत माउस पुढे गेला. ‘सरावलेल्या’ हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पेटंटचा अर्ज १९६७मध्ये झाला, ते मंजूर झालं १९७०मध्ये, तेही संस्थेकडे. १९८७ला मुदत संपली, म्हणजे माउस घरोघरी पोचायच्या आधीच. बिचाऱ्याला रॉयल्टी मिळाली नाही, अशी हळहळ करणारे मला नेहमी भेटतात. माझी तक्रार त्यांच्याशीच आहे. या माणसाचं नुकसान पैशांत मोजायला गेलात की मूळ नुकसान नजरेतून सुटतं.

हा माणूस मुळात काय करायला निघाला होता? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तो अमेरिकी नौदलात रडारचा तंत्रज्ञ म्हणून फिलिपिन्समध्ये होता. तिथे रेडक्रॉसच्या एका झोपडीवजा वाचनालयात त्यानं अमेरिकी अभियंते व्हॅनेव्हर बुश यांचा ‘ॲज वुई मे थिंक’ हा लेख वाचला. माहितीचा ढीग वाढत चाललाय, माणसानं त्यातून वाट कशी काढायची, असा तो लेख. पुढे डिसेंबर १९५०मध्ये लग्न ठरलं, नोकरी बरी होती आणि पंचविशीतल्या या मुलाला प्रश्न पडला की आता उरलेल्या आयुष्याचं करायचं काय. उत्तर त्यानं काढलं ते असं: जगापुढचे प्रश्न दिवसेंदिवस गुंतागुंतीचे होताहेत आणि ते सोडवण्याची माणसांची एकत्रित ताकद मात्र तेवढ्या वेगानं वाढत नाही. ती वाढवायची. संगणक त्यासाठी. तेव्हा संगणक हे आकडेमोडीचं यंत्र होतं, पडद्यासमोर बसून विचार करायचं नव्हे.

यातून १९६२चा त्यांचा अहवाल आला, मानवी बुद्धीची ताकद वाढवण्याबद्दलचा. त्यात एक प्रयोग आहे, मला फार आवडतो. पेन्सिलीला वीट बांधली आणि लिहायला सांगितलं. वेळ मोजली, अक्षर तपासलं. वेग पडला, अक्षराचा बोजवारा उडाला. एंगलबार्ट यांचं म्हणणं असं की साधन जड केलं की फक्त हात मंदावत नाही, त्या साधनानं आपण काय लिहायचं मनावर घेतो तेही बदलतं. खोडणं महाग झालं की माणूस दुसरा खर्डा करतच नाही. तर मग उलट दिशेनं जाऊन बघू, साधन इतकं चपळ करू की विचारच वेगळ्या जातीचे होतील!

इथे थोडं विषयांतर करतो. आमच्या एका जुन्या कचेरीत टंकलेखन करणाऱ्या बाई होत्या. मराठी, रेमिंग्टन लेआउट, म्हणजे जुन्या टंकयंत्रावरची कळांची मांडणी. नजर हस्तलिखितावर, बोटं कळांवर, मध्येच शेजारच्या टेबलाशी बोलणं चालू, आणि ‘कार्यालयीन स्पष्टीकरण’ सगळ्या जोडाक्षरांसकट, रफारासकट कागदावर उतरलेलं. मग संगणक आले. साहेबांनी फर्मान काढलं, आता सगळ्यांनी इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहायचं, कारण ते शिकावं लागत नाही. नवी मुलं पहिल्याच दिवशी लिहायला लागली हे खरं. पण पुढे काही वर्षांनी बघावं तरी ती तेवढ्याच वेगानं, खाली कळांकडे बघतच लिहीत होती. आणि बाईंना त्यांच्या रांगेत बसवलं! भारतीय भाषांसाठीचा इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड तर तयार होता, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आपल्या वर्णमालेच्या वळणानं केलेला. शिकवायला चार आठवडे द्या म्हटलं तर मिळाले नाहीत. माझा तो राग अजून गेलेला नाही.

एंगलबार्ट हेच सांगत होते. तीनचाकी सायकल कुणालाही बसल्या बसल्या येते, दुचाकी शिकावी लागते, पडावं लागतं. पण लांबचा पल्ला कशावर गाठणार? म्हणून त्यांच्या यंत्रणेत उजव्या हातात माउस आणि डाव्या हाताखाली पाच कळांची छोटी पट्टी होती. कळा एकत्र दाबून अक्षरं काढायची. सरावाला वेळ लागायचा, पण मग नजर पडद्यावरून हलत नसे.

९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत सुमारे हजार तंत्रज्ञांपुढे त्यांनी दीड तास हे सगळं चालवून दाखवलं. बाजारहाटाच्या यादीपासून सुरुवात. ती यादी उलगडली, मिटवली, गट पाडले, त्याच यादीचा नकाशा केला. मग ३० मैलांवरच्या मेन्लो पार्कमधले सहकारी मायक्रोवेव्हवरून पडद्यावर आले आणि दोघं एकाच मजकुरावर काम करू लागले. दुवे, खिडक्या, दृक्‌संवाद, सगळं एका बैठकीत. तिथल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरली आहेत म्हणे. बरं, मूळ मुद्दा झटपट सांगतो.

एक बाजू म्हणते, हा विजयच आहे. त्यांची माणसं झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ (PARC) नावाच्या प्रयोगशाळेत गेली, तिथून ॲपलचा मॅकिन्टॉश, मग विंडोज, मग वेब. १९९७मध्ये ट्यूरिंग पुरस्कार, संगणकक्षेत्रातला सर्वोच्च मान, मिळाला. दुसरी बाजू म्हणते, पराभव. सत्तरच्या दशकात सरकारी पैसा आटला, यंत्रणा टाइमशेअर नावाच्या कंपनीला विकली गेली आणि हा माणूस अडगळीत पडला. मी दुसऱ्या बाजूचा, पण कारण वेगळं देतो. आपण त्यांची साधनं उचलली आणि शिकणं टाकून दिलं. समूहानं आपली काम करण्याची रीतच सतत सुधारत न्यायची, हा त्यांचा गाभा होता. तो कुणालाच विकता येत नव्हता.

त्यांच्यावरचा आक्षेपही खरा आहे, तो झाकणार नाही. सोपेपणाला ते फार कमी लेखत. ज्या माणसाला दिवसातून एकदाच पत्र लिहायचंय, त्यानं पाच कळांची पट्टी का शिकावी? झेरॉक्सच्या ‘पार्क’मधल्या लोकांनी हा प्रश्न विचारला आणि नवख्या माणसाला यंत्राजवळ आणलं. ते श्रेय त्यांचंच. पण रोज आठ तास मजकुरातच बुडालेली माणसं, संशोधक, वकील, संपादक, आमच्या त्या बाई, त्यांनाही आपण तीनचाकीच दिली आणि वर सांगितलं की यापलीकडे काही नसतंच. माउस एंगलबार्टांचा म्हणून लक्षात राहिला, कारण त्यांच्या कामातली ती एकमेव गोष्ट बिनशिकता वापरता येते.

दुसऱ्या रांगेतले दोघं मघापासून हात वर करून बसलेत, त्यांना हे मान्य नाही असं चेहऱ्यावरून दिसतंय. माझी उरलेली मिनिटं त्यांना द्या.