अशील कोणाच्या मालकीचा नसतो

न्यूयॉर्कमधील सिक्स्थ अव्हेन्यूवरची ही १३०१ क्रमांकाची इमारत. 'ड्युई अँड लबफ' या वकिली फर्मचे मुख्य कार्यालय येथे होते. ऑक्टोबर २००७ मध्ये दोन जुन्या फर्मच्या विलीनीकरणातून ती उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे सुमारे १,३०० वकील होते. २८ मे २०१२ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला.

नामवंत भागीदार टिकावेत आणि बाहेरचे यावेत, म्हणून फर्मने अनेकांना ठरावीक उत्पन्नाची लेखी हमी दिली होती. २००८ च्या मंदीनंतर मिळकत त्या हमीला पुरेनाशी झाली. २०१२ च्या सुरुवातीला सुमारे ३०० भागीदार होते. पैसे थकल्याची कुणकुण लागताच ते गटागटाने प्रतिस्पर्धी फर्ममध्ये गेले आणि त्यांच्यामागून त्यांचे अशीलही गेले. ज्यांच्यापाशी स्वतःचे अशील नव्हते, त्या कनिष्ठ वकिलांवर आणि कर्मचाऱ्यांवर मात्र नोकरी शोधण्याची वेळ आली. या कहाणीतला सर्वांत मोठा अन्याय त्यांच्यावरच झाला.

भागीदारांना रोखता का आले नाही? अमेरिकी वकिलांच्या आदर्श आचारसंहितेतील नियम ५.६ नुसार, फर्म सोडल्यानंतर वकिली करण्यावर बंधन घालणारा करार, निवृत्तिलाभाचा अपवाद वगळता, करता येत नाही. सोडून जाणारा स्पर्धा करील तर फर्मकडून त्याला मिळायची रक्कम बुडेल, अशी अट न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच अवैध ठरवली होती, कारण तिची झळ अखेर अशिलाच्या निवडीला लागते. म्हणूनच भागीदार निघतो तेव्हा अशिलाला पत्र जाते: याच वकिलाकडे राहायचे, जुन्या फर्मकडे राहायचे, की तिसऱ्याच कोणाकडे जायचे, हे तुम्ही ठरवा. अशिलाने लेखी कळवल्यावर फायली हलतात. नवी फर्मही त्या वकिलाला घेण्यापूर्वी आपल्या अशिलांशी त्याच्या जुन्या कामाचा हितसंघर्ष नाही ना, हे तपासते.

हा नियम फर्मला ठिसूळ करतो, हे खरे आहे. तरीही तो हवाच, कारण खटला अशिलाचा असतो.

फर्म बुडाल्यावर मात्र धनको उरतात. ड्युईच्या माजी भागीदारांनी सुमारे ७ कोटी डॉलर परत करण्याचे मान्य केले. बुडालेल्या इतर फर्मच्या धनकोंनी तर, भागीदारांनी सोबत नेलेल्या अपूर्ण कामांच्या फीवरही हक्क सांगितला. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या आणि २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तासाच्या दराने फी आकारलेली अशी कामे बुडालेल्या फर्मची मालमत्ता ठरत नाहीत, असा निर्णय दिला.