पावणेदहा कोटींचं गाणं

मुंबईच्या एफएमची गोष्ट सांगायला बसलं की बहुतेक जण निवेदकांच्या आवाजापासून सुरुवात करतात. मी आज एका आकड्यापासून करतो. ९.७५ कोटी रुपये. २००० सालच्या लिलावात मुंबईतल्या एका खाजगी वाहिनीची वर्षाची परवाना फी एवढ्यावर पोचली. सरकारची राखीव किंमत होती सव्वा कोटी! वर दरसाल १५ टक्के वाढ. आकडेमोड करून बघा, दहाव्या वर्षी तीच फी ३४ कोटींच्या पुढे जाते. जाहिराती मिळोत न मिळोत, फी भरायचीच.

त्याआधी एफएम म्हणजे आकाशवाणीच. १९७७ मध्ये मद्रासला सुरुवात झाली. १९९३ मध्ये मुंबई-दिल्लीतले एफएमचे काही तास आकाशवाणीने खाजगी निर्मात्यांना विकले. १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मात्र मला या सगळ्यात मोठा वाटतो. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं न्यायालयाने सांगितलं. जनतेची, सरकारची नव्हे, आणि सगळ्यात जास्त बोली लावणाऱ्याचीही नव्हे.

२००२ मध्ये मुंबईत पाच वाहिन्या लागल्या: रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड एफएम, गो ९२.५ आणि विन ९४.६. पहिले काही महिने मी रात्री उशिरापर्यंत काटा फिरवत बसायचो. ‘गो ९२.५’ वर इंग्रजी गाणी असत, प्रत्येकाचा बाज निराळा होता. पण एवढी फी अंगावर असताना वेगळं वाजवण्याची हिंमत कोण किती दिवस करणार? विन टिकलं नाही. गोचं पुढे रेडिओ वन झालं आणि तेही हिंदीकडे वळलं. नव्या हिंदी सिनेमाची तीच गाणी दिवसातून कितीदा तरी ऐकू येऊ लागली.

या हिशेबात मराठी गाणं मागे पडलं, याचं मला फार वाईट वाटतं. आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीवर ते होतं, पण ती वाहिनी मीडियम वेव्हवर. लोकलमधली तरुण मुलं गाणी ऐकत होती ती मोबाइलवर, आणि मोबाइलमध्ये फक्त एफएम लागायचं. इअरफोनची वायर हाच त्याचा एरियल. म्हणजे गाणं वाजत होतं, पण ज्यांनी ऐकायला हवं त्यांच्या हातातल्या यंत्रात ते पोचतच नव्हतं.

जुलै २००५ मध्ये सरकारने नवं धोरण आणलं. ठरावीक फीऐवजी उत्पन्नातला ४ टक्के वाटा, हा त्याचा गाभा. वाहिन्यांचा श्वास मोकळा झाला. आणि त्याच महिन्यात २६ तारीख आली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मोबाइल ठप्प. मी रात्रभर एका बसमध्ये अडकलो होतो. शेजारच्या गृहस्थांकडे छोटा रेडिओ होता. कुठे पाणी भरलंय, कुठला रस्ता बंद आहे, कोण कुठे सुखरूप आहे, हे आम्हाला गाणी वाजवणाऱ्या वाहिन्यांकडून कळत होतं. सगळी बस कान देऊन ऐकत होती.

त्या वाहिन्यांना बातम्या द्यायला मनाई होती. नव्या धोरणातही ती मनाई कायम राहिली. नंतर परवानगी मिळाली ती फक्त आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावायची. हे मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही.