मोबाइल फोडू नका

नमस्कार, श्रोतेहो. ऑनलाइन फसवणुकीचा विषय निघाला की आपण घरातल्या आजी-आजोबांना ओटीपी कोणालाही सांगू नका म्हणून बजावतो; पण त्यांचे लुबाडलेले पैसे ज्या खात्यात उतरतात, ते खाते आपल्याच इमारतीतल्या एखाद्या कॉलेजकुमाराचे असू शकते, हे आपल्या मनातही येत नाही.

विक्रोळीच्या कन्नमवारनगरातली एक हकिगत सांगतो. नावे अर्थातच सांगणार नाही. मुलगा १७ वर्षांचा, बारावी कॉमर्सचा. क्लासबाहेर भेटणाऱ्या एका ‘दादा’ने त्याला गळ घातली की तुझे खाते नुसतेच पडून आहे, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिमकार्ड महिनाभर दे, पाच हजार रुपये मिळतील. मुलाने दोन्ही दिले. पैसे कोणाचे आणि कशाचे, हे त्याने विचारले नाही. त्यातून नवे बूट आले, आणि मित्राने स्वस्तात दिले, असे आईला सांगून झाले. पुढे शिष्यवृत्ती काढायला आई बँकेत गेली, तेव्हा खाते गोठवल्याचे कळले, आणि पाठोपाठ परराज्यातल्या सायबर पोलिसांचा फोन आला. शेअरच्या नावाखाली तिथल्या एका निवृत्त शिक्षकाला गंडवून काढलेली रक्कम याच खात्यातून पुढे गेली होती.

वडिलांनी आधी मुलाच्या कानाखाली वाजवली आणि मग त्याचा मोबाइल फरशीवर आपटायला हात उचलला. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या, समोरच्या खोलीतल्या काकांनी तो हात वरच्यावर धरला आणि म्हणाले, “अहो, हा फोडलात तर त्या दादाचा नंबर कुठून काढणार? मग गुन्हेगार म्हणून उरेल तो तुमचा मुलगाच.” त्या रात्री काकांनी मुलाला समोर बसवले, एकही चॅट पुसू दिले नाही, आणि कार्ड कधी दिले, कुठे दिले, पैसे कसे आले, हे सगळे तारीखवार फुलस्केप कागदावर लिहून घेतले. सकाळी तिघे मिळून पोलीस ठाण्यात गेले. त्या चॅटवरूनच दादाचा माग लागला, आणि त्याच क्लासमधली आणखी मुले अशीच खाती देऊन बसल्याचे उघड झाले. (असे काका आता टॉवरमध्ये भेटणे कठीण, तिथे शेजाऱ्याचे नाव कळते ते कुरिअर चुकून आपल्या दारात आले तर. असो.)

म्हणून पुन्हा सांगतो: मोबाइल फोडू नका, चॅट पुसू नका, मुलाला गावी धाडू नका. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार १८ वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतल्यास चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. मंडळ समुपदेशनाचा किंवा समाजसेवेचा आदेश देऊ शकते, आणि दंड पालकांनाही भरायला लावू शकते. अठरा पूर्ण झालेल्या मुलाला मात्र हे संरक्षण नाही, आणि खाती भाड्याने मागणाऱ्यांचा डोळा बहुधा त्याच वयावर असतो. शाळेतल्या संगणकाच्या तासाला टायपिंगऐवजी एवढे जरी शिकवले, तरी तो तास सत्कारणी लागेल, असे माझे जुने मत आहे.

ज्यांचे पैसे गेले असतील, त्यांनी उशीर न करता १९३० या क्रमांकावर फोन करावा. पुन्हा सांगतो, एक-नऊ-तीन-शून्य. चोरलेली रक्कम या खात्यातून त्या खात्यात झपाट्याने सरकत असते. ती वाटेत अडवता आली तरच परत मिळण्याची आशा.

आणि सोसायटीच्या ग्रुपवर मुलाचा फोटो टाकून ‘हाच तो’ असे लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. त्याच कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र उघड करण्यास मनाई आहे, आणि तसे करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नमस्कार.