भट्टीतला दरबार

नमस्कार श्रोतेहो. निळ्या काठाची पांढरी इनॅमलची थाळी तुम्ही पाहिली असेलच. हातातून निसटली की टवका उडायचा आणि आतलं काळं लोखंड डोकावायचं. धातूवर काचेचा लेप, एवढीच ती करामत. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या सोनारांनी याच लेपावर माणसांचे चेहरे रंगवले. लॉकेटात मावतील एवढे!

रीत अशी. सोन्याचा किंवा तांब्याचा जरासा फुगीर पत्रा घ्यायचा. इनॅमल दोन्ही बाजूंना, नाहीतर पत्रा वाकतो. वर पांढरा थर. मग धातूंची भस्मं तेलात खलून केलेले रंग, आणि भट्टी. पुन्हा रंग, पुन्हा भट्टी. जास्त आच सोसणारे रंग आधी, नाजूक रंग शेवटी. दर खेपेला तडा जायची भीती, पण निभावलं तर रंग शेकडो वर्षं उडत नाही. (तरी संग्रहालयवाले अशा चित्रांपुढे मिणमिणता दिवा लावतात. कागदावरचे जलरंग जपा, कबूल. काचेला काय धाड भरली आहे? असो.)

आता मला सांगायची आहे ती चार्ल्स बॉइटची गोष्ट. हा मूळचा स्वीडनचा, लंडनला राणी ॲनच्या दरबारी इनॅमल चित्रकार. १७०४ मध्ये जर्मनीतल्या ब्लेनहाइमला इंग्रजांनी आणि त्यांच्या दोस्तांनी फ्रेंचांना धूळ चारली. त्या विजयाचं चित्र इनॅमलमध्ये करायचं ठरलं. लॉकेटातलं नव्हे हं, चांगलं दोन फूट उंच! मध्ये राणी, विजयदेवता सेनापती मार्लबरोला पुढे आणते आहे, आणि फ्रान्स पायाशी लोळतो आहे.

राणीचे यजमान प्रिन्स जॉर्ज यांनी १००० पौंड आगाऊ मिळवून दिले. बॉइटनं लंडनच्या मेफेअर भागात जागा घेतली, प्रचंड भट्टी बांधली. पण एवढ्या मोठ्या पत्र्यावर नुसता पांढरा थर बसेना. चित्राचं नाव नाही, तोवर निम्म्याहून जास्त पैसे भट्टीनं खाल्ले. १७०८ मध्ये प्रिन्स वारले. बॉइटनं आणखी ७०० पौंड मागितले, मिळालेही. (आगाऊ रक्कम दिली की काम लांबतं, हे घराला रंग काढून घेतलेल्यांना मी सांगायला नको.)

तेवढ्यात दरबाराचं वारं फिरलं. मार्लबरो राणीच्या मनातून उतरले. हुकूम आला, मार्लबरोला काढा, त्यांच्या जागी आलेल्या नव्या सेनापतीला, ऑर्मंडला घाला. विजयदेवता काढा, शांतिदेवता घाला. बिचाऱ्यानं कच्च्या चित्रात तेही केलं. ते भाजायचं अजून बाकीच होतं, म्हणून जमलं. एकदा भट्टीतून निघालेला सेनापती कोण पुसणार? सत्ता बदलली की चित्रातली माणसं बदलायची खोड जुनीच आहे म्हणायची.

१७१४ मध्ये राणीही गेली. चित्र अर्धवट, डोक्यावर कर्ज, सामानावर जप्ती. बॉइट पळाला तो थेट फ्रान्सला! ज्याला चित्रात पायाशी लोळवायचं होतं, त्याच फ्रान्समध्ये त्याला पेन्शन मिळालं, राहायला जागा मिळाली.

वेळ संपत आली आणि झाँ पेतितो राहिलाच. या कलेतला सगळ्यांत मोठा माणूस, जन्म जिनिव्हाचा, आधी इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सच्या पदरी, मग फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या. त्याची चित्रं पॅरिसच्या लूव्रमध्ये आहेत. कुणी त्या बाजूला गेलात तर भिंग घेऊन जा.